एक शेळी जास्त

दिवा जरा अलीकडे ओढा. गोष्ट मोठी नाही, पण तिन्हीसांजेची आहे, आणि अशी गोष्ट उजेडाला टेकून ऐकलेली बरी.

ठाण्याच्या खाडीवरून आगगाडी धावायला लागून तेव्हा एक पिढी होत आली होती. कळव्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी, आगरी लोकांची एक वाडी होती. वाडीच्या पुढ्यात खारजमिनीतली भातशेतं, त्यांना लागून मिठागरं, आणि या सगळ्याला खाडीपासून राखणारा मातीचा लांबच लांब बांध. बांध उभा होता म्हणून वाडी उभी होती. खारं पाणी एकदा आत शिरलं की त्या सालचं भात तर जातंच, पण पुढं कितीतरी वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही.

या बांधाची राखण दौलतकाकानं उभा जन्म केली. बांधात एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीची फळी वर ओढून आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीच्या आधी फळी पाडून खाडीला बाहेर ठेवायचं, आणि रोज संध्याकाळी बांधावरून फेरी मारायची, हे त्याचं काम. एकदा फळीखाली हात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं एक पेर गेलं होतं. ते तोकडं बोट उगारून तो पोरांना म्हणायचा, "खाडीनं चव बघितलीय माझी. आता मना विसरायची नाय ती."

त्या वर्षी गणपती बोळवले आणि मागोमाग दौलतकाका तापानं गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. क्रियाकर्म पुतण्यानं, राघोनं केलं, आणि बांधाची राखणही राघोच्याच गळ्यात आली.

वाडीत हे कुणाला फारसं पटलं नव्हतं. राघो कष्टाळू होता, पण त्याच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. लहानपणी कळव्याच्या शाळेत जात असे. मास्तरांनी उभं राहून वाचायला सांगितलं की त्याला घाम फुटायचा, अक्षरं डोळ्यांसमोर असूनही ओठ हलायचे नाहीत. शेवटी पाटी फळीवर ठेवली आणि मिठागरावर फावडं धरलं. पण बांधाच्या राखणदाराला आवाज लागतो. पाण्यानं बांधाला खांड पाडली तर तिथून वाडीपर्यंत हाळी पोचली पाहिजे. काळुराम पाटील तर सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, "अरे, खांड पडली तर हा आमच्या दारात येऊन हलूच खोकंल. आमी उठू तवर चुलीत पानी!"

लोक हसले होते. राघोही मान खाली घालून हसला होता. रात्री मात्र त्याला झोप लागली नाही.

दहाव्याला उघाडीच्या पायरीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या खुंटावर बसला होता, मान वाकडी करून बघत होता, पण जवळ येईना. गेलेल्या माणसाचं काही मागं राहिलं असलं की असं होतं म्हणतात. दौलतकाकाची बायको सखुबाई पुढं होऊन म्हणाली, "मी भावाकडं जायाची नाय. हितंच ऱ्हाईन." कावळा हलला नाही. पाटील म्हणाला, "सखुबायला धान्य कमी पडू देनार नाय." तरी नाही.

काय म्हणायला हवं ते राघोला ठाऊक होतं. 'काका, बांध मी राखीन.' एवढंच. ते वाक्य त्याच्या गळ्यापर्यंत आलंही. पण सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती, आणि पाटीलही बघत होता. वाक्य गळ्यातून परत खाली गेलं.

ठाण्याहून होडीनं आलेले भटजी घाईत होते. ओहोटी लागली होती, अजून थांबले असते तर त्यांची होडी चिखलात बसली असती. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि राघोच्या हातात जीवखडा दिला. जीवखडा म्हणजे चितेजवळून उचललेला खडा. दहा दिवस त्यालाच गेलेलं माणूस समजायचं, त्याच्यावर तीळतेल घालायचं, आणि शेवटी तो पाण्यात सोडायचा. "टाक, आणि मागं वळून न बघता चालू लाग," भटजी म्हणाले. राघोचे डोळे भरले होते. त्यानं खडा खाडीच्या बाजूला टाकला आणि पाठ फिरवली.

पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण मागं बघायचं नाही म्हटल्यावर त्यानं बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही.

उघाडीजवळ एक सपाट धोंडा होता. दौलतकाकानं छिन्नी घेऊन त्यावर वाघ-शेळीचा पट कोरला होता. उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा, तीन वाघ आणि पंधरा शेळ्या. वाघ म्हणजे कौलाचे लाल तुकडे, शेळ्या म्हणजे काळे खडे. शेळीपलीकडचं घर मोकळं असलं की वाघ उडी मारून तिला खातो. शेळ्यांनी एकमेकींना चिकटून राहायचं आणि वाघांना कोंडायचं. एकाकडं वाघ, दुसऱ्याकडं शेळ्या, आणि अंधार पडेपर्यंत भांडण.

या पटाचा काकानं आणखी एक उपयोग करून ठेवला होता. पटाची बाहेरची रेघ म्हणजे बांध. खालच्या अंगाला मधोमध उघाडी, उजवीकडचा कोपरा म्हणजे तिवरांच्या झाडीतलं बांधाचं वळण, म्हणजे वाकण, डावा कोपरा म्हणजे मिठागराची हद्द. फेरीत कुठं खेकड्याचं बीळ दिसलं की काका पटाच्या बाहेरच्या रेघेवर त्या जागी एक खडा ठेवून घरी जायचा. सकाळी माती घेऊन येणाऱ्या गड्यांना सांगायची गरज पडत नसे.

तेरावं होईपर्यंत पट तसाच पडून होता. ते उरकल्यावर दुसऱ्या दिवशी राघो संध्याकाळी फळी बघायला गेला, तर कान्हाची होडी आधीच उघाडीखाली बांधलेली. कान्हा पलीकडच्या चेंदणीचा कोळी. राघोच्या वयाचा, राघोचा एकुलता एक दोस्त, आणि दोघांच्या वाटचं एकटा बोलणारा.

"आयलास? बस," तो म्हणाला. "काका असता तर म्हनला असता, माझ्यापायी डाव कशाला थांबवता."

राघोनं उघाडीच्या भिंतीतल्या कोनाड्यातून करवंटी काढली. तिच्यात खडे असायचे. कान्हानं शेळ्या मोजून मांडल्या आणि थांबला.

"राघ्या, सोळा झाल्या."

"नीट मोज."

"मोजल्या. ही बग, एक जास्त. शेळी व्याली काय रं सुतकात?"

राघोला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. कान्हानं एक खडा उचलला आणि खाडीकडं भिरकावला. खाली चिखलात चप्प असा आवाज झाला. कान्हा बोटं एकमेकांवर चोळत राहिला.

"तेल लागलं हाताला," तो म्हणाला.

"करवंटीचं असंल."

"असंल." त्यानं हात लंगोटीला पुसला आणि दोघं खेळायला लागले.

दुसरा दिवस पितरांच्या अमावास्येचा. नव्यानं गेलेल्या माणसाला त्या वर्षी पितरांत धरत नाहीत, पण सखुबाईनं दौलतकाकासाठी केळीच्या पानावर वेगळा घास वाढला आणि राघोकडून छपरावर ठेवून घेतला. शेजारच्या छपरांवर कावळ्यांची झुंबड उडाली होती. या पानाला एकानंही चोच लावली नाही. दिवेलागण व्हायला आली तरी भात तसाच होता, वाळून कडेनं पिवळा पडलेला.

"काय ऱ्हायलंय रं त्याचं?" सखुबाईनं विचारलं. "तुला काय बोलला होता काय?"

"नाय काकी," राघो म्हणाला आणि काठी घेऊन बाहेर पडला. त्या रात्री मोठं उधाण आहे, हे त्याला ठाऊक होतं. भाद्रपदाच्या अमावास्येचं उधाण सगळ्यात चढं. आत्ता ओहोटी पूर्ण उतरली होती. मध्यरात्रीच्या सुमाराला पाणी बांधाच्या माथ्याशी येणार होतं. दुपारीच तो बांधावरून पूर्ण फेरी मारून आला होता. बांध वरून अगदी धड होता. कुठं भेग नाही, कुठं खचलेलं नाही.

खाडीचा तळ उघडा पडला होता. चिखलाचा कुबट वास सुटला होता, आणि वारा असा पडला होता की तिवरांचं एक पान हलत नव्हतं. कान्हा पटाशेजारी उभा होता. बसला नव्हता.

"हे तू मांडलंस?" त्यानं विचारलं.

पटावर एकच खडा होता. बाहेरच्या रेघेवर, उजवीकडच्या कोपऱ्यात.

"मी आत्ता येतोय," राघो म्हणाला. "तुझीच चेष्टा असंल."

"माझी? मी चेष्टा करतो तवा पयला मीच हसतो. मी हसतोय का बग."

राघोनं कोनाड्यातली करवंटी उतरवली. वरचा झाकणाचा धोंडा जागच्या जागी होता. आत खडे मोजले, पंधरा. कान्हानं पटावरचा खडा उचलून त्यांच्यात टाकला, करवंटी हलवली आणि सगळं पटावर ओतलं. "सोळा तर सोळा. आज शेळ्या तुझ्या. तुला एक उधार दिली, चल."

डाव सुरू झाला. कान्हा वाघ खेळत होता, पण त्याचं रोजचं डिवचणं बंद होतं. खडा दगडावर टेकल्याचा टक् आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. उजेड पातळ होत चालला होता. राघोला मधूनच तिळाच्या तेलाचा वास येत होता, आणि त्याच्याखाली दुसरा, विझलेल्या लाकडांचा.

एवढ्यात पुलावरून कल्याणची गाडी धडधडत गेली. रोज बघत असूनही दोघांनी माना वळवल्या. डब्यांचे दिवे एकामागून एक पाण्यावरून सरकले आणि मुंब्र्याच्या डोंगराकडं नाहीसे झाले. आवाज विरला तसं सगळं आधीपेक्षा जास्त गप्प झालं.

राघोनं मान परत वळवली.

कळपातली एक शेळी बाहेर पडली होती. मधली कितीतरी घरं ओलांडून ती बाहेरच्या रेघेवर, उजवीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. जिथून निघाली तिथपासून कोपऱ्यापर्यंत दगडावर एक ओली, तेलकट रेघ होती.

"राघ्या... मी हात नाय लावला..."

"मी बी नाय..."

कान्हा मागं सरकला. राघो मात्र पुढं वाकला. ते धाडस नव्हतं. त्या खड्याच्या अंगावर एक पांढरी शीर होती, आणि ती त्यानं दहा दिवस रोज सकाळी तेल घालताना बघितली होती.

"कान्ह्या, हा काकाचा जीवखडा."

"तो तर तू खाडीत सोडलास."

"सोडला... पन ओहोटी होती. मी मागं नाय बगितलं. डुबुक आवाजबी नाय आयला. पानी नव्हतंच तिथं. काका चिखलात पडून ऱ्हायला."

"आनि काल मी त्याला परत..." कान्हानं दोन्ही हातांनी कान धरले. "काका, चुकलो रं. मना ठाव नव्हतं."

राघो ऐकत नव्हता. तो खडा कुठं बसलाय ते बघत होता. हा कोपरा म्हणजे वाकण. काका फेरीहून परत यायचा, काही न बोलता रेघेवर खडा ठेवायचा आणि घरी जायचा. गड्यांना सांगायची गरज पडत नसे.

"वाकनाला बीळ हाय," राघो म्हणाला.

"दुपारी तू बगितलंस ना?"

"वरून बगितलं."

दोघं बांधावरून निघाले. पश्चिमेला जरासा तांबूस उजेड उरला होता. वाकणापाशी तिवरं एवढी दाट होती की बांधाची बाहेरची बाजू वरून दिसतच नसे. दौलतकाका रोज खाली उतरून बघायचा. राघो दुपारी उतरला नव्हता.

आता उतरला. चिखल गुडघ्यापर्यंत आला. तिवरांच्या मुळ्या बाजूला सारत तो बांधाला हात लावत पुढं गेला. पावलांजवळून छोटे खेकडे सर्रकन पळत होते. मग हात एकदम आत गेला.

घागरीच्या तोंडाएवढं भोक होतं. वर मुळ्यांचा पडदा, म्हणून दिसलं नव्हतं. आत कुठंतरी पाणी थेंब थेंब गळत होतं. राघोनं कान लावला. बांधाच्या पोटातून मातीचे कण सुटून पडत होते, आणि मध्येच कुणीतरी दमून श्वास टाकावा असा आवाज येत होता.

"किती खोल हाय?" वरून कान्हानं दबक्या आवाजात विचारलं.

राघोनं हात घातला. कोपरापर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. बोटांना मऊ चिखल लागला. खेकड्यांनी बांध आरपार पोखरला होता, आणि शेवटी आतल्या बाजूला हा एवढासा चिखल तेवढा राहिला होता. तोही गार आणि ओला. त्यानं चिखल चाचपला.

चिखलात बोटं होती.

ती थंड होती आणि ताठ होती. एक पंजा आतून चिखल दाबून धरत होता, जसा माणूस फुटक्या मडक्याच्या भोकावर हात दाबून धरतो. राघोला हात काढून घ्यायचा होता. हात निघेना. त्याची बोटं त्या बोटांवरून एकेक करत सरकली. अंगठा. त्याच्या शेजारचं बोट. ते मध्येच संपलं होतं. त्याला एक पेर नव्हतं.

थंड पंजा थरथरत होता. भीतीनं नव्हे. फार वेळ ओझं धरलं की माणसाचा हात थरथरतो, तसा.

मागं खाडीत खळखळ सुरू झाली. भरती लागली होती. चिखलातल्या चरांतून फेसाळ पाणी जिभेसारखं पुढं पुढं येत होतं.

आणि राघो ओरडला.

"खांऽऽड! वाकनाला खांऽऽड! धावा रे, खांऽऽड!"

आपल्या छातीत एवढा आवाज आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तिवरांतले बगळे फडफडून उठले. हाळी पाण्यावरून गेली, भातावरून गेली, वाडीला जाऊन आदळली आणि परत आली. त्यानं दम घेतला आणि पुन्हा हाळी दिली, पुन्हा दिली. वाडीत एक दिवटी पेटली, मग दुसरी, मग सगळी वाडीच उजेडासकट बांधाकडं धावत सुटली.

सगळ्यात आधी काळुराम पाटील पोचला. अंगात बंडी उलटी होती आणि खांद्यावर भाताच्या पेंढ्या.

"कोन हाळी देत होता?"

"हा," कान्हा म्हणाला. "दुसरं कोन हाय हितं?"

पाटलानं दिवटी खाली धरली. चिखलानं माखलेला राघो भोकाला पाठ लावून उभा होता, जणू बांध तोच धरून आहे. पाटलानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"खोकला नाय मंग," तो म्हणाला, आणि पेंढ्या टाकून स्वतः खाली चिखलात उतरला.

मग बोलायला कुणाला वेळ नव्हता. बायका चिखलाचे गोळे करून हातोहात पुढं देत होत्या, गडी पेंढा आणि तिवरांच्या फांद्या भोकात ठासत होते. कान्हानं होडीतलं जुनं शीड आणून वरून दाबलं. सखुबाई पदर खोचून बाकीच्या बायकांत उभी होती. पाणी पावलांना लागलं, मांड्यांना लागलं, तेव्हा खालची माणसं वर आली. पुढं नुसतं बघत बसायचं होतं. उधाण चढत चढत बांधाच्या माथ्याजवळ आलं, एका बोटावर थांबलं, आणि कितीतरी वेळ तसंच काळं, चकचकीत, भरलेलं उभं राहिलं. मग एका म्हाताऱ्यानं काठीनं खूण तपासली आणि म्हणाला, "उतरतंय."

आत भात उभं होतं. एका काडीलाही खारं पाणी लागलं नव्हतं.

फटफटलं तेव्हा पुन्हा ओहोटी झाली. रात्री घातलेली भर कच्ची असते, ती काढून पक्की ठासावी लागते. राघो पुढं झाला. त्यानं पेंढा उपसला, भोक मोठं केलं आणि आत डोकावला. थोडा वेळ तो तसाच राहिला. हात आत घातला, बाहेर काढला. मागं गडी माती घेऊन उभे होते.

"काय रं?" पाटलानं विचारलं.

"काय नाय," राघो म्हणाला. "माती द्या."

काम उरकून सगळे सखुबाईच्या अंगणात पेज प्यायला बसले. छपरावर कालचं पान तसंच होतं. राघोनं वाडगा खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. सगळी वाडी त्याच्याकडं बघायला लागली. त्याला घाम फुटला, अगदी शाळेतल्यासारखा. पण या वेळी वाक्य गळ्यात थांबलं नाही.

"काका," तो म्हणाला, चांगला मोठ्यानं, "बांध मी राखीन. रोज खाली उतरून बगीन."

चिंचेवरून एक कावळा उतरला. इकडं नाही, तिकडं नाही, सरळ त्या वाळल्या भातावर येऊन बसला आणि त्यानं घास उचलला. सखुबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुपारी भरती पूर्ण भरल्यावर राघो आणि कान्हा होडी घेऊन खाडीच्या मध्यावर गेले. राघोनं जीवखड्यावर तेल घातलं आणि तो हलकेच पाण्यात सोडला. डुबुक आवाज झाला. दोघं वाकून बघत राहिले. खडा खाली जाताना त्याची पांढरी शीर जराशी चमकली आणि दिसेनाशी झाली. या वेळी मागं बघायचं की नाही, असं कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी दोघं पटावर बसले. वारा सुटला होता, वाडीतून घटांच्या आरतीचा आवाज येत होता. कान्हानं करवंटी ओतली आणि जीव मुठीत धरून शेळ्या मोजल्या.

"पंधरा," तो म्हणाला आणि मोकळा श्वास सोडला. "गेला काका. सुखानं गेला."

राघो बांधाकडं बघत होता.

"काय रं? आज साऱ्या वाडीनं तुझा आवाज ऐकला, आनि माझ्याच वाट्याला तुझं मौन काय?"

"सकाळी मी आत बगितलं ना," राघो म्हणाला. "आतल्या चिखलावर ठसे होते. हातांचे."

कान्हाचा वाघ हातातच राहिला. "काकाचे..."

"काकाचा एक होता. बोट तोकडं, लगेच वळखलं. त्याच्या पलीकडं दुसरा होता. त्याच्या पलीकडं तिसरा. बांदाच्या अंगानं खोलवर गेले होते, रांगेनं. काही मोठे, काही बारीक, काही इतके जुने की माती दगडासारखी झाली होती. काकाच्या आदी पन कोनीतरी बांद राखतच आयलं असंल ना..."

खाली ओहोटीचं पाणी उघाडीच्या फळीपासून हलकेच मागं सरत होतं. कान्हानं एकदा तिकडं बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"मंग तू गप का बसलास? मानसांना दाखवायचं..."

"काकाच्या ठशाच्या अलीकडं एक जागा मोकली होती. गुलगुलीत, लिंपल्यासारखी. पंजा मावंल एवडी."

"...मंग?"

राघोनं आपला उजवा हात उजेडात धरला, उलटसुलट करून बघितला. नखांतला चिखल अजून गेला नव्हता.

"लावून बगितला," तो म्हणाला. "बराबर बसला."

मग त्यानं एक शेळी पुढं सरकवली, कळपाला चिकटून, जशी काकानं शिकवली होती तशी.

"खेल," तो म्हणाला. "तुझी पाळी. मना अजून खाली उतरून यायचंय."